बाळाचं रडणं थांबलं, पण श्रेय कोणाचं?



संशोधन पद्धतीच्या पेपरची तयारी करताना प्लासिबो, कंट्रोल ग्रुप, सरासरीकडे परतणं असे शब्द आपण सगळेच पाठ करतो. मीही केले होते, आणि परीक्षेत त्यांचे गुणही मिळाले होते. पण त्यांचा खरा अर्थ मला गेल्या वर्षी घरातच कळला. रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास.

माझी ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाला तिसरा आठवडा लागला आणि ते रोज संध्याकाळी रडायला लागलं. साधं रडणं नाही. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले, चेहरा लालबुंद. दूध पाजलं तरी रडणं, लंगोट बदलला तरी रडणं, आणि मग दहा-साडेदहाला जणू काही झालंच नाही असं झोपून जाणं. वजन व्यवस्थित वाढत होतं आणि डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "कोलिक आहे. तीन महिन्यांत जाईल." पण रोजचे तीन-साडेतीन तास ज्याच्या कानाशी हे रडणं असतं, त्याला 'तीन महिने' हे उत्तर वाटत नाही.

मग घरात उपाय सुरू झाले. मी तेव्हा वहीत नोंद ठेवत होते, म्हणून क्रम नीट आठवतो:

चौथा आठवडा: बेंबीभोवती हिंगाचा लेप.
पाचवा आठवडा: शेजारच्या काकूंनी आणून दिलेलं ग्राइप वॉटर.
सहावा आठवडा: सिमेथिकॉनचे थेंब.
सातवा-आठवा आठवडा: ताईच्या ताटातून हरभऱ्याची डाळ, कोबी, बटाटा बाद.
नववा आठवडा: मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणं.
दहावा आठवडा: आजीची बाळगुटी.

अकराव्या आठवड्यात बाळ शांत झालं. आजी आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझ्या गुटीनंच उतार पडला." काकूंच्या मते ग्राइप वॉटरचा गुण उशिरा आला. आईला वाटतं, पथ्यामुळे फरक पडला. प्रत्येकीकडे पुरावा आहे: उपाय केला आणि नंतर बाळ बरं झालं. तिघीही खोटं बोलत नाहीयेत. मग चुकतंय कुठे?

आजच्या लेखात या एका प्रश्नाच्या निमित्ताने कोलिकवरचं संशोधन पाहू. (मी वनस्पतिरसायनाची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. खाली लिहिलंय ते प्रकाशित अभ्यासांवरून. बाळाबद्दल शंका असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ, मग लेख.)

नावातच लपलेलं गृहीतक

'कोलिक' हा शब्द मूळ ग्रीक, मोठ्या आतड्याच्या नावावरून आलेला. मराठीत आपण पोटशूळ म्हणतो. घरातल्या भाषेत, 'पोटात वारा धरलाय'. गंमत बघा, तिन्ही नावांनी दुखण्याची जागा ठरवूनच टाकली आहे. बाळ पाय पोटाशी घेतं, पोट घट्ट लागतं, वारा सरतो. म्हणजे दुखणं पोटातच असणार!

पण रडताना बाळ हवा गिळतं. जोर लावल्यामुळे पोटाचे स्नायू आवळले जातात. म्हणजे वायू हा रडण्याचं कारण असू शकतो, तसाच परिणामही असू शकतो. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून कोणती आधी हे ठरत नाही. आपण संशोधनाचा विषय निवडताना नावातच उत्तर भरून ठेवत नाही ना, हे पहिल्या दिवशीच तपासावं.

व्याख्या: तीनचा नियम

मोजायचं असेल तर आधी कशाला कोलिक म्हणायचं ते ठरवावं लागतं. १९५४ साली मॉरिस वेसल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन इथल्या ९८ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून पुढे प्रसिद्ध झालेला 'तीनचा नियम' आला: एरवी निरोगी असलेलं बाळ दिवसात तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रडत असेल, तर ते कोलिक.

तीनच का? अडीच का नाही? पावणेतीन तास रडणारं बाळ निरोगी आणि सव्वातीन तास रडणारं आजारी, असं शरीरात काही घडत नाही. ही रेषा माणसाने आखलेली आहे. तरी ती उपयोगी आहे, कारण तिच्यामुळे दोन वेगळ्या देशांतले अभ्यास एकमेकांशेजारी ठेवता येतात. अशा व्याख्येला आपण कार्यात्मक व्याख्या म्हणतो.

२०१६ च्या रोम-४ निकषांनी दवाखान्यासाठी हा तासांचा हिशेब काढून टाकला. पाच महिन्यांच्या आतलं बाळ, वारंवार आणि लांबलेलं रडणं, उघड कारण नाही, काही केल्या थांबवता येत नाही, आणि वाढ खुंटणं, ताप किंवा आजाराची खूण नाही, एवढं पुरे. संशोधनासाठी मात्र त्यांनी तास ठेवले आणि शिवाय चोवीस तासांची डायरी मागितली. डॉक्टरला समोरच्या आईला मदत करायची असते, संशोधकाला तुलना करायची असते. काम वेगळं, म्हणून व्याख्या वेगळी. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येण्यासारखा आहे.

डायरी का? कारण "काल किती रडलं?" विचारलं की थकलेली आई "दिवसभर" असंच म्हणणार. १९८८ मध्ये रोनाल्ड बार आणि सहकाऱ्यांनी पालकांच्या डायऱ्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिल्या आणि डायरी हे विश्वासार्ह साधन असल्याचं दाखवलं. साधन वापरण्याआधी साधन तपासा, हा त्यातला धडा.

रडण्याचा डोंगर

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. १९६२ साली बेरी ब्रेझल्टन यांनी ८० बाळांच्या आयांनी ठेवलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ही बाळं कोलिकची म्हणून निवडलेली नव्हती, साधी निरोगी बाळं होती. दुसऱ्या आठवड्यात रडणं दिवसाला सुमारे पावणेदोन तास. सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास. बाराव्या आठवड्यापर्यंत साधारण एका तासावर. आलेख काढला तर एक डोंगर दिसतो: चढ, माथा, उतार.

२०१७ मध्ये डीटर वोल्क यांच्या गटाने २८ डायरी-अभ्यास आणि ८,६९० बाळं एकत्र करून मेटा-अ‍ॅनालिसिस केलं. पहिल्या सहा आठवड्यांत सरासरी रडणं दिवसाला दोन तासांच्या आसपास. दहा ते बारा आठवड्यांत ते ६८ मिनिटांवर येतं. आणि कोलिकच्या व्याख्येत बसणारी बाळं? पहिल्या सहा आठवड्यांत १७ ते २५ टक्के, दहाव्या ते बाराव्या आठवड्यात फक्त ०.६ टक्के.

हा आकडा पुन्हा वाचा. तीन महिन्यांपर्यंत जवळपास सगळी बाळं यातून बाहेर पडतात, उपाय कोणताही असो, किंवा नसो.

हा डोंगर फक्त पाश्चात्त्य बाळांचा आहे का? १९९१ मध्ये बार यांनी आफ्रिकेतल्या कुंग सान समाजातल्या बाळांच्या नोंदी तपासल्या. तिथे बाळ जवळजवळ सतत अंगावर असतं आणि रडलं की लगेच पाजलं जातं. तिथेही सुरुवातीच्या आठवड्यांतला चढ-उतार दिसला. फरक एवढाच की प्रत्येक रडणं लवकर थांबत होतं. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा माथा जन्मतारखेपासून नाही, तर अपेक्षित तारखेपासून मोजून सहाव्या आठवड्याच्या आसपास येतो. म्हणजे या रडण्याचं घड्याळ बहुधा बाळाच्या वाढीत आहे. आईने काल काय खाल्लं, यात नाही.

उपाय करतो कधी? माथ्यावर

आता आमच्या घरातला क्रम परत बघा. पहिले उपाय चढावर झाले, म्हणून 'लागू पडले नाहीत'. शेवटचा उपाय उतारावर झाला, म्हणून 'लागू पडला'. आजीची गुटी नवव्या आठवड्यात दिली असती आणि दृष्ट दहाव्या आठवड्यात काढली असती, तर श्रेय मीठ-मोहऱ्यांना गेलं असतं.

यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या ओळखा. एक, आजाराचा नैसर्गिक क्रम: तो आपोआप बरा होणारा आहे. दुसरी, सरासरीकडे परतणं: आपण नवा उपाय सगळ्यात वाईट दिवशी करतो. चार तास रडण्याचा दिवस हा मुळात अपवाद असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी काहीही न करता तीन तासांवर येण्याची शक्यता जास्तच. म्हणूनच हिंग लावल्यावर 'दोन दिवस बरं' वाटलं होतं.

यावर उपाय एकच: ज्यांना उपाय दिला नाही अशी तशीच बाळं शेजारी ठेवून बघणं, आणि कोणाला काय दिलंय हे आईला कळू न देणं. दुसरी अट का? कारण डायरी आई लिहिते. औषध दिलंय हे माहीत असेल तर तिला रडणं कमी वाटतं, ती निवांत होते, आणि कदाचित त्या निवांतपणाने बाळही थोडं शांत होतं.

१९९४ मध्ये सिमेथिकॉनची नेमकी अशी चाचणी झाली. दोन ते आठ आठवड्यांची ८३ बाळं. प्रत्येक बाळाला काही दिवस सिमेथिकॉन, काही दिवस प्लासिबो, क्रम चिठ्ठी टाकल्यासारखा ठरवलेला. याला क्रॉसओव्हर रचना म्हणतात, बाळाची तुलना त्याच बाळाशी होते. निकाल: २८ टक्के बाळांना फक्त सिमेथिकॉनने बरं वाटलं, ३७ टक्क्यांना फक्त प्लासिबोने, २० टक्क्यांना दोन्हींनी.

बेरीज करा. सिमेथिकॉनवर ४८ टक्के सुधारले, प्लासिबोवर ५७ टक्के. कंट्रोल नसता तर आपण काय लिहिलं असतं? 'जवळजवळ निम्म्या बाळांना गुण.' आणि ते वाक्य खोटं नसतं, फक्त निरर्थक असतं.

एकाच प्रश्नाची दोन उत्तरं

पुस्तकात संशोधन सरळ रेषेत जातं, प्रत्यक्षात तसं जात नाही. दोन उदाहरणं.

पहिलं, बाळाला कडेवर घेणं. १९८६ मध्ये हन्झिकर आणि बार यांनी ९९ आई-बाळांच्या जोड्यांवर प्रयोग केला. अर्ध्या आयांना बाळ रोज जास्त वेळ अंगावर घ्यायला सांगितलं, रडत असो वा नसो. सहाव्या आठवड्यात त्या गटात रडणं दिवसाला १.२३ तास, दुसऱ्या गटात २.१६ तास. म्हणजे ४३ टक्के कमी. पण ही साधी बाळं होती. १९९१ मध्ये हाच उपाय आधीच कोलिक सुरू झालेल्या बाळांवर करून पाहिला, तर फरक दिसला नाही. आणि १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या गटालाही सुरुवातीपासून जास्त घेऊन फायदा दिसला नाही. 'प्रतिबंध होतो का' आणि 'उपचार होतो का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे एक. आणि एका अभ्यासावर प्रबंधाचा डोलारा उभारू नये, हे दुसरं.

दुसरं, लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा जिवाणू. इटलीतल्या साविनो यांच्या गटाला २००७ आणि २०१० मध्ये चांगला परिणाम दिसला. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १६७ बाळांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. मग भांडत न बसता संशोधकांनी चार चाचण्यांतल्या ३४५ बाळांचा प्रत्येकाचा मूळ डेटा एकत्र केला. २०१८ चा निष्कर्ष असा: अंगावर पिणाऱ्या बाळांत उपयोग दिसतो, वरच्या दुधावरच्या बाळांबाबत पुरेसा पुरावा नाही. बघा, दोन्ही बाजू आपापल्या बाळांपुरत्या बरोबर असू शकतात. निकाल उलटे आले की आधी विचारायचं, 'नमुना सारखा होता का?'

'लागू पडतं' म्हणजे 'द्यावं' असं नाही

डायसायक्लोमिन या औषधाने चाचण्यांत रडणं खरोखर कमी झालं होतं. पण लहान बाळांत श्वास अडखळणं, झटके येणं असे प्रकार नोंदले गेले, आणि सहा महिन्यांच्या आत ते देऊ नये असं ठरलं. आपोआप जाणाऱ्या त्रासासाठी एवढा धोका पत्करायचा नाही.

ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी आणलं. जुन्या कृतीत बडीशेपेसारख्या सुव्याचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल होतं. बाळ शांत का होत असेल, याचा एक अंदाज तिथेच येतो!

आणि आजीची गुटी. इथे माझा विषय येतो म्हणून बोलते. गुटीतल्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक आढळलं आहे. सहाणेवर किती वेढे घासले यावर मात्रा ठरते, म्हणजे ती रोज वेगळी. वर मध घातला तर आणखी भीती, कारण मधातून लहान बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. वर्षाच्या आत मध नाहीच. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असा सल्ला आहे. 'नैसर्गिक' हा शब्द मात्रा सांगत नाही. आजीला हे सांगायला मला तीन दिवस लागले, आणि तिने ऐकलं ते माझ्या पदवीमुळे नाही, डॉक्टरांनी मान डोलावली म्हणून.

खरा धोका कुठे आहे

सातव्या आठवड्यातली एक रात्र. ताई बाळाला पाळण्यात ठेवून बाहेरच्या खोलीत आली आणि भिंतीला टेकून बसली. बाळ आत रडत होतं. मी उठायला लागले तर ती म्हणाली, "थांब. मी मुद्दाम ठेवून आलेय. मला भीती वाटली, मी त्याला गदागदा हलवेन."

आम्ही सगळे दोन महिने बाळाच्या पोटाकडे बघत होतो. तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं. उलट रोज तिलाच विचारत होतो, "आज काय खाल्लंस?"

नंतर मी बार यांचा २००६ चा अभ्यास वाचला. जोरात हलवल्यामुळे मेंदूला इजा होऊन दवाखान्यात दाखल झालेल्या बाळांच्या वयाचा आलेख त्यांनी काढला. तो रडण्याच्या आलेखासारखाच डोंगर निघाला, माथा फक्त काही आठवडे पुढे. कोलिकमुळे बाळाला काही होत नाही. पण रडणं असह्य झालेल्या मोठ्या माणसाच्या हातून एका क्षणात होऊ शकतं. ताईने जे केलं, बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवून दहा मिनिटं बाजूला होणं, तो हलगर्जीपणा नव्हता. त्या रात्री घरातल्या सगळ्यात शहाण्या माणसाने घेतलेला तो निर्णय होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाळ्या लावल्या. सात ते आठ आई, आठ ते नऊ मी, शनिवार-रविवारी दाजी आले की ते. रडणं तेवढंच राहिलं. ताई मात्र जेवायला लागली.

घरी काय करता येतं

१. भूक, ढेकर, ओला लंगोट, जास्त कपडे हे आधी बघा. मग उभं धरा, अंगाशी घ्या, दिवा मंद करा, आवाज कमी करा.

२. बाळाला घेऊन संथ चाला. २०२२ च्या एका छोट्या प्रयोगात (२१ बाळं) पाच मिनिटं घेऊन चालल्याने रडणारी बाळं शांत झाली आणि बरीच झोपली. झोपल्यावर पाच ते आठ मिनिटं मांडीवर धरून मग खाली ठेवलं तर जाग येण्याची शक्यता कमी दिसली. नमुना लहान आहे, पण करून बघायला खर्च नाही.

३. दुपट्यात गुंडाळताना पाय मोकळे राहू द्या आणि झोपवताना उताणं झोपवा. ओव्याची धुरी नको, धूर छातीला वाईट.

४. पाळ्या लावा. काहीच जमत नसेल तर बाळ सुरक्षित ठेवून बाजूला व्हा. कधीही हलवू नका.

५. लगेच डॉक्टर: तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीत रक्त, दूध न ओढणं, मलूल पडणं, टाळू फुगणं, जांघेत गाठ, वजन न वाढणं, किंवा रडण्याचा सूर एकदम वेगळा आणि न थांबणारा. असं काही असेल तर ते कोलिक समजून थांबायचं नाही. शी-तून रक्त येत असेल तर गाईच्या दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जीही असू शकते. तेव्हा आईचं पथ्य डॉक्टरांच्या सल्ल्याने खरंच लागतं.

तुमच्या तयारीसाठी

कारण काय, याचं एकच उत्तर अजून नाही. आतड्यातले जिवाणू, वाढत्या मेंदूची स्वतःला शांत करण्याची अपुरी क्षमता, अशी अनेक सूत्रं चाचपली जात आहेत. २०१३ च्या एका अभ्यासात मायग्रेन असलेल्या मुलांपैकी ७२.६ टक्क्यांना, तर इतर मुलांपैकी २६.५ टक्क्यांना लहानपणी कोलिक होता असं आढळलं. सराव म्हणून सांगा: सहा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना बाळपणाबद्दल विचारलं, तर या आकड्यांत कोणती चूक शिरू शकते?

दुसरा सराव. वरची बहुतेक बाळं युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातली आहेत. आपल्याकडे बाळंतीण माहेरी असते, घरात चार बायका असतात, बाळ हातोहात फिरतं. इथे तो डोंगर तेवढाच उंच असेल का? हे मोजायचं असेल तर डायरी कोणी लिहायची? आई, आजी की दोघी? 'रडणं' आणि 'कुरकुर' यांची व्याख्या मराठीत कशी कराल? एका पानाचा आराखडा लिहून बघा. चांगला संशोधन प्रश्न असाच घरातून उठतो.

भाचा आता अकरा महिन्यांचा आहे. संध्याकाळी सातला तो रडत नाही, टाळ्या वाजवतो. आजी म्हणते, गुटीचा गुण. मी आता वाद घालत नाही. फक्त माझ्या वहीचं ते पान तिला दाखवलं, चढ, माथा आणि उतार. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या आईचंही असंच होतं गं. तिला तर मी काहीच दिलं नव्हतं."

कंट्रोल ग्रुप घरातच होता. विचारलं मात्र कोणी नव्हतं.